पुलाखालून मशीन नेताना: खान्देशातल्या मालक, ड्रायव्हर आणि ऑपरेटरांसाठी

मशीनची बूम, म्हणजे उचलायचा मोठा हात, पुलाच्या गर्डरला, म्हणजे खालच्या तुळईला, लागते त्या क्षणी ड्रायव्हरच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. चूक बऱ्याच आधी झालेली असते: मशीन चढवताना, रस्ता ठरवताना, नाहीतर मालकाने फोनवर "दुपारपर्यंत पोचव" म्हटलं तेव्हा. म्हणून या लेखात स्टिअरिंगपेक्षा टेप, दोरी आणि खडू यांचीच चर्चा जास्त आहे.

आपल्याकडे हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. मुंबई–भुसावळ मुख्य मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा जळगाव जिल्हा उभा कापत जातो. सुरतेकडून येणारी ताप्ती व्हॅली लाइन नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला मिळते. चाळीसगाव–धुळे फाटा आणखी वेगळा. शेततळं असो, पाटचारी असो, साक्रीकडचं सोलरचं काम असो की महामार्गाचं, मशीन कुठेतरी रूळ ओलांडल्याशिवाय साइटवर पोचत नाही. त्यात ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद झाली. माणसांचे जीव वाचले, ते फार चांगलं झालं. पण फाटक गेलं तिथे बऱ्याच ठिकाणी रुळाखालून कमी उंचीचा बोगदा आला. ट्रॅक्टर, पिकअप, एसटीची छोटी गाडी यांची सोय झाली. लोबेडवरच्या (बुटक्या पाट्याच्या ट्रेलरवरच्या) पोकलँडची (चेनवर चालणाऱ्या खोदाईच्या मशीनची) सोय त्यात कुणी धरलेली नव्हती.

मशीन चढलं की मोजा, आधी नाही

मशीनच्या माहितीपत्रकात वाहतुकीची उंची दिलेली असते. २० टन वर्गाच्या पोकलँडची ती साधारण ३ मीटर किंवा थोडी वर असते. लोबेडचा पाटा जमिनीपासून ९० सेंटीमीटर ते १ मीटर. सेमी-लोबेड त्याहून उंच, आणि साध्या सपाट ट्रेलरचा पाटा दीड मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तेच मशीन एका गाडीवर ४ मीटरचं आणि दुसऱ्या गाडीवर साडेचार मीटरचं होतं. मागच्या महिन्यात याच बोगद्यातून गेलो होतो हे ड्रायव्हरचं म्हणणं खरं असतं, पण तेव्हा गाडी कुठली होती हे त्याला कुणी विचारत नाही.

बेरजेवर मात्र थांबू नका. मशीन ज्यावर चालतं त्या चेनखाली लाकडी फळ्या टाकल्या की ५–७ सेंटीमीटर वाढले. बकेट काढून ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावला की बूम वेगळ्या कोनात बसते. केबिनवर पिवळा फिरता दिवा, एसीचं युनिट, ऑपरेटरने उन्हासाठी लावलेलं पत्र्याचं छप्पर, यातलं काहीही माहितीपत्रकात नसतं.

मोजायची उत्तम जागा म्हणजे वजनकाटा. प्लॅटफॉर्म सपाट असतो, वजनाची पावतीही हातात मिळते. सगळ्यात उंच ठिकाण आधी डोळ्यांनी शोधा. बहुतेक पोकलँडमध्ये ते बुमचा कोपर असतो, पण कधी कोपरावरून गेलेले हायड्रॉलिकचे पाइप त्याच्याही वर निघतात. दोन माणसांनी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी त्या ठिकाणावर आडवी धरायची, मिस्त्रीचं लेव्हल लावून ती समतल करायची, आणि पट्टीच्या बाहेर निघालेल्या टोकापासून ओळंबा सोडून टेपने जमिनीपर्यंत मोजायचं. खालून अंदाजाने टेप उभी धरली तर ती तिरकी जाते आणि आकडा चुकतो. हे सगळं करण्याआधी वजनकाट्यावरून वीजतार जात नाही ना, ते मान वर करून पाहून घ्या.

आकडा मीटरमध्ये आणि फुटांत, दोन्हींत लिहा. पुलावरचे फलक मीटरमध्ये असतात आणि आपली माणसं फुटांत बोलतात. या दोन मापांमध्ये बरीच मशीनं अडकलेली आहेत. ४ मीटर म्हणजे १३ फूट १ इंच. ३.६ मीटर म्हणजे ११ फूट १० इंच. हे ड्रायव्हरच्या समोरच्या काचेवर, आतल्या बाजूने, कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

बूम कशी बसवायची

ऑपरेटर आणि ट्रेलरवाला यांचं इथे नेहमी थोडं वाजतं, कारण दोघांच्या सोयी वेगळ्या. आर्म (बूमच्या कोपरापासून बकेटपर्यंतचा हात) पूर्ण आत दुमडली की लांबी वाचते, पण कोपर वर येतो. आर्म थोडी लांबवली की कोपर खाली बसतो, पण बकेट शेपटीकडे सरकते आणि मागे बाहेर निघू शकते. कमी उंचीच्या रस्त्यावर मी दुसरी पद्धत पसंत करतो, लांबी परवान्यात बसत असेल तर. कुठल्याही पद्धतीत बकेट पाट्यावर टेकलेलीच हवी, हवेत लटकती नको. मशीनचा वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावायचा, इंजिन बंद केल्यावर लिव्हर हलवून हायड्रॉलिकचा दाब सोडायचा, सेफ्टी लिव्हर वर करायचा. चारही कोपऱ्यांना बांधायची चेन आणि ती ताणायचा बाइंडर, शिवाय बूम-बकेटला वेगळी चेन. दोन-पाच किलोमीटर चालल्यावर गाडी थांबवून सगळ्या चेन पुन्हा ताणायच्या, कारण खडखडाटाने त्या ढिल्या होतातच.

मोजमाप झाल्यानंतर मशीनला हात लावायचा नाही. वाटेत ऑपरेटरने "बकेट जरा टोचतेय" म्हणून बूम हलवली, तर पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बॅकहो, म्हणजे आपला नेहमीचा जेसीबी, बहुतेक वेळा स्वतःच्या चाकांवर जातो. त्याची मागची दुमडलेली आर्म हेच सगळ्यात उंच टोक असतं, ते साडेतीन मीटरच्या वर जातं, आणि ते पाठीमागे असल्याने चालवणाऱ्याला दिसत नाही. केबिन पार झाली म्हणजे आपण निघालो असं त्याला वाटतं. बूम लॉक आणि मागचा हात बाजूला फिरू न देणारी स्लू पिन लावल्याशिवाय बॅकहो रस्त्यावर काढू नये.

परवाना

केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत धरली आहे. २० टनी पोकलँडच्या चेनची बाहेरची रुंदीच २.८ ते ३ मीटर असते. म्हणजे उंचीचा प्रश्न नसला तरी अशा मशीनला जादा आकाराच्या मालाची परवानगी, ज्याला सगळे ओडीसी म्हणतात, ती काढावीच लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो. राज्यातल्या रस्त्यांसाठी काय लागेल ते आपल्या आरटीओत विचारावं. माल उंचीत किंवा बाजूंनी मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१ए) प्रमाणे २० हजार रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पण माझ्या मते खरं नुकसान दंडाचं नाही. परवानगीशिवाय गाडी पुलाला लागली तर विमा कंपनीला दावा अडवायला कारण मिळतं. मशीनची पॉलिसी साइटवरच्या नुकसानीपुरती आहे की प्रवासातलंही धरते, हे एजंटकडून लेखी विचारून घ्या. पुष्कळ मालकांना हे अपघातानंतर कळतं.

रस्ता आधी पाहून या

मशीन निघण्याच्या आदल्या दिवशी मोटारसायकलवर दोन माणसं त्या रस्त्याने जाऊन यायला हवीत. मोबाइलवरचा नकाशा कारसाठी रस्ता दाखवतो, पुलाची उंची सांगत नाही. शिवाय चार किलोमीटर वाचवायला तो थेट बोगद्यात घालतो. सोबत घ्यायचं ते एवढंच: लांब होणारी फायबरची मोजपट्टी, १० मीटर न ताणणारी दोरी, खडू, वही.

पुलाशी आलात की फलक वाचा, पण फलकावर विसंबू नका. तो लावला त्यानंतर खालचा रस्ता किती वेळा डांबरला गेला हे फलकाला माहीत नसतं. प्रत्येक थर ४–५ सेंटीमीटर वर येतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ वाहून बोगद्याच्या तळाशी बसतो आणि उन्हाळ्यात तो दगडासारखा कडक होतो.

मग मान वर करा आणि गर्डरची खालची कड नीट पाहा. गंजलेल्या लोखंडावर लांब, चकचकीत ओरखडा दिसला तर कुणीतरी नुकतंच घासून गेलं आहे. ओरखड्याच्या कडा तांबूस झाल्या असतील तर तो जुना. काँक्रीटच्या स्लॅबला पिवळा रंग लागलेला दिसतो, तो पोकलँडचा नाहीतर जेसीबीचा. कड तुटून आतली सळई उघडी पडली असेल, तर जोराचा मार बसलेला आहे. हे ओरखडे कुठे आहेत तेही बघा. बहुतेक ठिकाणी ते आत शिरतानाच्या पहिल्या कडेला असतात. पण काही बोगद्यांत बाहेर पडतानाच्या शेवटच्या कडेला असतात, कारण तिथे चढ सुरू झालेला असतो आणि रस्ता छताच्या जवळ येतो. म्हणून उंची एकाच जागी मोजून भागत नाही. शिरताना, मधे, निघताना. आणि प्रत्येक ठिकाणी डावीकडे, उजवीकडे व मध्यावर, असे नऊ आकडे वहीत हवेत. त्यातला सगळ्यात लहान आकडा तो खरा.

दगडी कमानीचे जुने पूल आपल्याकडे अजून आहेत. तिथे मध्याची उंची बघून फसायला होतं. मशीनचा वरचा भाग किती रुंद आहे ते धरा आणि तेवढ्या रुंदीच्या दोन टोकांवर कमान किती उंच आहे ते मोजा. केबिनचा कोपरा मध्यावर नसतो, एका बाजूला असतो.

आता दोरीचं काम. बोगद्यातला रस्ता बशीसारखा खोलगट असतो. लांब ट्रेलरचा पुढचा भार घोड्यावर (ओढणाऱ्या ट्रकवर) आणि मागचा मागच्या चाकांवर, म्हणजे ट्रेलर त्या खळग्यावर पुलासारखा पसरतो आणि मधलं मशीन छताच्या दिशेने उचललं जातं. बाहेर सपाटीवर मोजलेली ४ मीटर उंची आत गेल्यावर ४ मीटर राहत नाही. किती वाढते ते काढायची सोपी पद्धत अशी: किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या पिनपासून) मागच्या चाकांच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, समजा १० मीटर. तेवढी दोरी गर्डरच्या बरोबर खाली, अर्धी अलीकडे आणि अर्धी पलीकडे, रस्त्याला टेकवून ताणून धरा. दोरीच्या मध्यापासून खालच्या रस्त्यापर्यंत जेवढं अंतर पडेल, तेवढं मशीन वर उचललं जाणार. १०० मीटर त्रिज्येच्या खळग्यात १० मीटर दोरीखाली साडेबारा सेंटीमीटर जागा निघते. खळगा जितका तीव्र तितकी ती वाढते. ट्रेलर १४ मीटरचा असला तर त्याच खळग्यात ती जवळपास दुप्पट होते.

हे एका उदाहरणात मांडतो. मशीन लादून मोजलं, ४.०० मीटर भरलं. पुलावर फलक आहे ४.३० मीटरचा. मालक म्हणतो, ३० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास फूटभर जागा आहे. प्रत्यक्ष मोजलं तेव्हा डांबराच्या थरांमुळे सगळ्यात कमी जागी ४.२२ निघाले. दोरीने १२ सेंटीमीटर दाखवले, उरले ४.१०. ट्रेलर ब्रेक मारताना झोल खातो, खड्ड्यात उसळतो, स्प्रिंगा दबून पुन्हा वर येतात, त्यासाठी किमान १५ सेंटीमीटर राखून ठेवायला हवेत. उरले ३.९५. मशीन बसत नाही. फूटभर जागा कागदावर होती, रस्त्यावर ती उणे निघाली. माझा आग्रह आहे की हे चारही आकडे वहीत लिहून काढावेत; तोंडी हिशेबात एखादा नेहमी सुटतो, आणि सुटतो तो दोरीचाच.

बोगद्याच्या आधी वळण कसं आहे तेही पाहा. ४० फुटी ट्रेलर काटकोनात वळून बोगद्यात सरळ घुसू शकत नाही. तिरका घुसला की एक कोपरा भिंतीला आणि बूम गर्डरच्या कडेला. आणि पाणी. जळगावकरांना बजरंग बोगद्याची पावसाळ्यातली अवस्था सांगायला नको. पाणी साचलेल्या बोगद्यात तळ दिसत नाही, त्यामुळे उंचीचा कुठलाच हिशेब लागू होत नाही. तिथे जड गाडी घालूच नये.

काम चालू असलेल्या पुलांकडे वेगळं लक्ष हवं. महामार्ग आणि रेल्वेची कामं निघाली की स्लॅबखाली सेंटरिंग आणि लोखंडी टेकू लागतात. पूल पूर्ण झाल्यावर उंची साडेपाच मीटर मिळणार असली, तरी आज टेकूखाली ती बरीच कमी असते. तिथल्या साइट इंजिनिअरला विचारून त्याच्याकडून आजची उंची घ्या.

डोंगरी रस्त्यांबद्दल एकच: चाळीसगावहून कन्नड घाटाने संभाजीनगरकडे जायचा बेत असेल तर तिथे जड वाहनांवर निर्बंध आले आहेत, ताजी स्थिती निघण्याआधी महामार्ग पोलिसांकडून विचारून घ्या.

रेल्वे गेट आणि २५ हजार व्होल्ट

फाटकावर रूळ वरून ओलांडायचे असतात, म्हणून तिथे उंचीची भीती नाही असं पुष्कळांना वाटतं. ही समजूत जीवघेणी आहे. मुख्य मार्गावर, ताप्ती व्हॅली लाइनवर आणि आता चाळीसगाव–धुळे फाट्यावरही रुळांच्या वर २५ हजार व्होल्टची तार आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर जी लोखंडी कमान असते, हाइट गेज म्हणतात ती, तिची उंची साधारण ४.६७ मीटर, म्हणजे १५ फूट ४ इंच. तार तिच्यावर सुमारे पाऊण मीटर असते. तेवढी जागा मुद्दाम सोडलेली आहे, कारण एवढ्या दाबाची वीज तारेला न शिवताही उडी घेते. रेल्वेचा स्वतःचा कर्मचारीसुद्धा वीज बंद केल्याशिवाय त्या तारेच्या २ मीटर आत काम करत नाही.

म्हणून कमानीला मशीन लागलं तर "थोडंसंच लागतंय, बूम जरा खाली घे" हा विषय फाटकावर काढायचा नाही. गाडी मागे घ्यायची. कमानीखालून न जाणारा माल न्यायचाच असेल तर रेल्वेकडे लेखी अर्ज करून, वीज बंद ठेवण्याची वेळ ठरवून, त्यांच्या माणसांसमोर न्यावा लागतो. जळगावपासून अमळनेर–नंदुरबारकडची लाइन पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागाकडे आहे, आणि चाळीसगाव–पाचोरा–भुसावळ मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे. अर्ज चुकीच्या दारात गेला की आठवडा जातो. फाटकाजवळ लोखंडी पट्टी, ॲल्युमिनियमचा पाइप किंवा ओला बांबू घेऊन उंची मोजायला जाऊ नका. तिथे मोजायची गरजच नाही, कमान हेच मोजमाप आहे.

फाटकाचा दुसरा धोका खालून येतो. रुळांचा भाग रस्त्यापेक्षा उंच असला की लोबेडचं पोट त्या उंचवट्यावर टेकतं आणि गाडी रुळांवरच अडकते. फाटकाचा उंचवटा आदल्या दिवशी त्याच दोरीने तपासा, इथे दोरीच्या खाली उंचवटा येतो का ते पाहायचं. गाडी अडकलीच तर आधी माणसं उतरवा आणि त्याच क्षणी गेटमनकडे धावा. गाडी काढण्याचे प्रयत्न नंतर. येणारी रेल्वेगाडी थांबवण्याची साधनं आणि फोन त्याच्याकडे आहेत, आपल्याकडे नाहीत.

वीज, केबल आणि गावाची कमान

महावितरणच्या तारा रस्ता आडव्या ओलांडतात तिथे नियमाप्रमाणे लघुदाबाला ५.८ मीटर आणि ११ किंवा ३३ केव्हीला ६.१ मीटर उंची हवी. पण रस्ता सोडून शेतात शिरलं की उघड्या ११ केव्हीपर्यंतच्या तारेला ४.६ मीटरही चालतात. आपली मशीनं शेतातच जातात. वैशाखात पारा ४४–४५ वर गेला की तारा तापून आणखी झोळतात, आणि वाकलेल्या खांबाने त्यात भर पडते. हिवाळ्यात पाहिलेला शेतरस्ता मे महिन्यात पुन्हा पाहावा. झोळलेली तार दिसली तर १९१२ वर महावितरणला कळवा, लागल्यास वीज बंद करून घ्या. क्लिनरने काठीने तार उचलून धरायची आणि खालून गाडी काढायची, हा प्रकार मी अनेक गावांत पाहिला आहे. ती काठी कोरडी आहे या एका भरवशावर त्या पोराचा जीव टांगलेला असतो. असं कुणालाही करायला लावू नका, आणि कुणी स्वतःहून पुढे झाला तर त्याला मागे ओढा.

गावात शिरताना स्वागत कमान लागते. ती बांधताना ट्रॅक्टरवर भरलेला चारा आणि एसटी यांचा विचार झालेला असतो. कमानीच्या माथ्यावर मूर्ती नाहीतर नाव असतं. तिला धक्का लागला तर पैशांच्या पलीकडचा प्रश्न उभा राहतो. गणपती, नवरात्र आणि लग्नसराईत रस्त्यावर मांडव व तात्पुरत्या कमानी पडतात, त्या कुठल्याच पाहणीत दिसत नाहीत. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना आदल्या दिवशी फोन केला तर सगळं कळतं, आणि मशीन गावातून जाताना चार माणसं मदतीलाही उभी राहतात.

निघण्याचा दिवस

पुढे एक पायलट गाडी असावी. तिच्यावर मशीनच्या उंचीपेक्षा १५ सेंटीमीटर उंच लवचीक फायबरची काठी उभी बांधा. ती कुठे घासली की ट्रेलर थांबलाच पाहिजे. पायलट आणि ट्रेलर यांच्यात एवढं अंतर हवं की भरलेला ट्रेलर आरामात थांबेल. विजेच्या तारेखाली ही काठी चालवायची असल्याने ती धातूची नको, आणि पावसात तर ती वापरूच नका.

अरुंद पुलापाशी ट्रेलर पूर्ण थांबवायचा. एक माणूस पुलापलीकडे, ड्रायव्हरला सरळ दिसेल असा. दुसरा बाजूला, बूम आणि गर्डर यांमधली फट दिसेल अशा जागी. इशारे एकानेच द्यायचे. चौघे ओरडले की ड्रायव्हरला शेवटचा आवाज तेवढा ऐकू येतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक न मारता, माणसाच्या चालीने. मशीनवर किंवा ट्रेलरवर कुणीही बसलेलं नको.

या वेळी मागे गाड्यांची रांग लागते, हॉर्न वाजतात, आणि कुणीतरी हमखास येऊन सांगतो, "काही व्हत नही, निंघी जाई." तो माणूस मदतीच्या भावनेनेच बोलतो. पण त्याने तुमचं मशीन मोजलेलं नाही. अशा वेळी ड्रायव्हरला मालकाचा आधार लागतो. बसत नाही असं ड्रायव्हरने कळवलं तर गाडी परत आण, भाड्याचं मी बघतो, हे मालकाने निघण्याआधीच त्याला सांगून ठेवावं. ज्या ड्रायव्हरला फेरीवर पैसे मिळतात आणि उशीर झाला तर कापले जातात, तो घासून काढायचाच प्रयत्न करणार. माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या निम्म्या धडका हिशेबाच्या या पद्धतीतून येतात.

बसत नसेल तर

पहिला पर्याय लांबचा रस्ता. शहरातला उड्डाणपूल गाठायला वीस-पंचवीस किलोमीटर जादा पडले तरी ते डिझेल गर्डरपेक्षा स्वस्त असतं.

दुसरा, मशीन उतरवून चालवत नेणं. ३ मीटरचं पोकलँड, बूम पुढे लांबवून आणि खाली ठेवून, ३.६ मीटरच्या बोगद्यातून जाऊ शकतं; रिकामा ट्रेलरही जातो. त्यासाठी दोन्ही बाजूंना रस्त्याबाहेर सपाट, घट्ट जागा हवी. डांबर किंवा काँक्रीट फाटू नये म्हणून चेनखाली जुने टायर टाकत जायचं, रस्ता ज्या खात्याचा त्यांना आधी कळवायचं, आणि दोन्हीकडची वाहतूक थांबवायची. बोगद्यात केबिनचा दिवा आणि बूमचा कोपर यांकडे बघायला बाजूला एक माणूस ठेवायचा. मात्र रेल्वे फाटकावरून लोखंडी चेन चालवत नेणं हा पर्याय नाही. रूळ खराब होतात, सिग्नलची व्यवस्था बिघडते, आणि बूम तारेखाली असते.

तिसरा पर्याय म्हणजे छोटं मशीन किंवा खालच्या पाट्याचा ट्रेलर मागवणं. कामाची बोली लावतानाच रस्ता पाहिला असेल तर हे वेळेत सुचतं.

उघड्या हौद्याचा डंपर

याला वेगळी नोंद हवी, कारण इथे मोजमाप कामाचं नाही. खडी ओतून झाल्यावर हौदा खाली न घेता डंपर निघतो, किंवा पीटीओ (हौदा उचलणाऱ्या पंपाला इंजिनशी जोडणारी यंत्रणा) गुंतलेला राहतो आणि चालत्या गाडीवर हौदा हळूहळू उठत जातो. ड्रायव्हरला आरशात तो उशिरा दिसतो. उठलेला हौदा ६–७ मीटरवर जातो. वीजतार, दिशाफलकाची कमान, पादचारी पूल, सगळं त्याच्या वाटेत आहे. पीटीओचा दिवा आणि बजर चालू असलाच पाहिजे, आणि साइटच्या तोंडाशी उभ्या माणसाने हौदा टेकल्याची खूण केल्याशिवाय डंपर बाहेर जाऊ देऊ नये.

लागलंच तर

गाडी जिथे आहे तिथेच बंद करा. घाबरून मागे घेऊ नका. बूम गर्डरमध्ये अडकलेली असेल तर मागे ओढताना गर्डर सरकतो किंवा मशीन घसरतं. आधी वर पाहा. वीजतार लागलेली असेल तर केबिनमधून उतरू नका, बाहेरच्यांना लांब ठेवा. आग लागली तरच, गाडी आणि जमीन एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जोडून उडी मारा आणि पाय जोडूनच छोट्या उड्या मारत किमान १० मीटर लांब जा.

पूल रेल्वेचा असेल तर पुढचा फोन रेल्वेला, मालकाला नाही. गर्डर काही सेंटीमीटर सरकला तरी वरचा रूळ वाकडा होतो, आणि पुढची गाडी कधी येणार हे आपल्याला माहीत नसतं. पुलाच्या भिंतीवर पूल क्रमांक आणि किलोमीटर रंगवलेले असतात. ते वाचून १३९ वर सांगा: पूल क्रमांक, जवळचं गाव किंवा स्टेशन, गाडी अजून अडकलेली आहे का. जवळ स्टेशन किंवा गेटमन असेल तर एक माणूस तिकडे पाठवा. स्वतः भराव चढून रुळावर जाऊ नका. जखमी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. मदतीला आलेल्याला त्रास होऊ नये यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आहे, हे गर्दीतल्या लोकांना सांगितलं तर ते पुढे येतात.

पळून जायचा विचार करू नका. निष्काळजीपणाने रेल्वे प्रवाशांचा जीव धोक्यात आणला तर रेल्वे कायद्याच्या कलम १५४ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण न कळवता गेलेल्या धडकेवरून भरलेली पॅसेंजर जाऊ शकते, हे त्याहून मोठं आहे. तत्काळ आलेल्या फोनमुळे गाड्या थांबतात आणि पूल तपासला जातो.

मशीन काढायचं काम रेल्वेचा किंवा बांधकाम खात्याचा इंजिनिअर आल्यावरच. बहुतेक वेळा ट्रेलरच्या टायरमधली हवा कमी करून काही सेंटीमीटर मिळतात आणि गाडी आली त्याच दिशेने हळू मागे घेता येते. हवा सगळ्या चाकांची सारखी सोडायची, एका बाजूची सोडली तर मशीन कलतं. बूमच्या सिलिंडरचा पाइप फुटला असेल तर इंजिन सुरू करून बूम हलवण्याचा प्रयत्न करू नका. बूम अचानक खाली येते. फोटो गाडी हलवण्याआधी काढा: फलक, गर्डरवरची खूण, बूमची स्थिती, टायर, रस्त्याचा उतार. वहीतली मोजमापाची पानं आणि वजनकाट्याची पावती याच वेळी कामाला येतात, पोलिसांपुढेही आणि विमा सर्व्हेअरपुढेही. आणि मशीन मोकळं झालं तरी लगेच कामाला लावू नका. बूमच्या पायथ्याच्या पिना, वेल्डिंगचे जोड आणि स्विंग बेअरिंग मेकॅनिककडून तपासून घ्या. धडकेत पडलेली केसाएवढी चीर पहिल्या दिवशी दिसत नाही, बकेट दगडाने भरून उचलली की ती उघडते.